तांदळात लिहिलेलं नाव

नाशिकरोड,
८ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. आईस,

तुझ्या साळूचा नमस्कार. वेदिकाचा नाही.

मी बरी आहे. नळाला दोन्ही वेळा पाणी येतं. सासूबाई ताटात काही कमी वाढत नाहीत. तुझ्या कुरडया मात्र संपल्या. ह्यांनी मला इंग्रजी बोलायच्या क्लासला घातलंय.

तिथे गेल्या सोमवारी बाईंनी ‘चेंज’ शिकवलं. कपडे बदलले तरी चेंज, मनमाडला गाडी बदलली तरी चेंज, हवा बदलली तरी चेंजच. मग प्रत्येकीला एक वाक्य करायला सांगितलं. मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, “नवऱ्यानं लग्नात तांदळात अंगठीनं वेदिका लिहिलं, पण माझं नाव चेंज झालेलं नाही.” बाई म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे. हजेरीला आता मी साळूच.

घरी कळलं. सासूबाई म्हणाल्या, “साळू हे काय नाव झालं? चारचौघींत हाक मारायची लाज वाटते.” मी म्हटलं, “मग नका मारू, मी समोरच तर असते.” ह्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीत. तू काळजी करू नकोस. आजीचं नाव आहे, मी सोडायची नाही.

तू लिहिलंस, “जुळवून घे, माझंही बदललं होतं.” आई, तुझं आधीचं नाव मला माहीतच नाही गं. मामासुद्धा तुला अक्काच म्हणतो. उत्तर लिहिशील तेव्हा खाली तेच नाव घाल.

तुझी,
साळू