दगडांखालचा बर्फ

सानगडी. गुरुवार, चैत्र. दिवेलागण.

दादा हिमालयात बर्फ-दगडांच्या दरडीखाली गेला, तो सापडलाच नाही. देह नसला की पळसाच्या, आमच्याकडे परसाच्या, पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बाबांनी ते अजून होऊ दिलेलं नाही. उन्हाळे वाढताहेत, बर्फ वितळेल, पोरगा मिळेल, असं म्हणत आले.

आज दादाच्या सोबत्याचा फोन आला. तो तिथल्या बर्फाचा अभ्यास करतो. म्हणाला, वरचं हिम वितळतं, पण पाणी दगडांच्या फटींतून खाली झिरपतं आणि गारठ्यात पुन्हा गोठतं. वरचे दगड ऊन लागू देत नाहीत. तिथं आतला बर्फ वाढतो आहे.

बाबा विकायच्या मासोळ्यांच्या बर्फावर, तो वितळू नये म्हणून, धानाचा भुसा पसरत होते. मी सांगून टाकलं. सांगायला हवं होतं का?

"आपल्या या भुशावानी?"

"हो, बाबा."

"मंग आता नाई भेटत तो."

भुसा मुठीतच राहिला. तो टोपल्यात परत टाकून म्हणाले, "उद्या परसाची पानं आनजो, बाई."

बर्फ उघडाच होता. मी भुशाचं टोपलं पुढं केलं.

"राहू दे," म्हणाले. "हा तरी पघळू दे."