ओट्याची उंची

आई, आम्ही घर घेतोय. हसू नकोस. तू गेल्यावर वर्षभरात बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, गार्डन रीचचा क्वार्टर सोडावा लागला आणि आम्ही दोघं भवानीपूरला भाड्यानं आलो, ते आजपर्यंत. आता मालकानं ती इमारत बिल्डरला देऊन टाकली. त्यामुळे निम्मं आयुष्य संस्कृत शिकवण्यात घालवलेली तुझी मुलगी एका हट्टी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन कोलकात्यात घरं बघत हिंडते आहे. तुला हे नवलच वाटेल. तुझ्या वेळी घर निवडायचं नसायचं, मिळायचं. बदलीचा कागद आला की तू भांडी गोणपाटात बांधायचीस आणि नव्या जागी उतरल्यावर एवढंच विचारायचीस, "पाणी किती वाजता येतं हो?" पसंत-नापसंत हा धडा तुझ्या अभ्यासक्रमातच नव्हता.

माझा अभ्यासक्रम मात्र भलताच वाढलाय. आधी राजारहाटचा टॉवर पाहिला. बारावा मजला, पोहण्याचा तलाव, आपल्याच घरी जाताना नाव विचारणारा पहारेकरी. दलाल म्हणाला, "काकाबाबू, सकाळी खिडकीतून ढग दिसतात." बाबा म्हणाले, "मला ढग खालून बघायची सवय आहे." मग बागबाजारला एका जुन्या घराचा पहिला मजला पाहिला. लाल गुळगुळीत फरशी, हिरव्या झडपांच्या खिडक्या, गंगेकडून येणारा वारा, आणि एक लांबच लांब खोली, जिच्यात माझी सगळी पुस्तकं उभी राहिली असती. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर मालक हात जोडून म्हणाले, "मागच्या वेळी मराठ्यांची स्वारी येणार म्हणून या शहरानं तुमच्यासाठी खंदक खणला होता. या वेळी चहा ठेवलाय." आई, मी तिथेच विरघळले. बाबा जिनाही न थांबता चढले होते. मनातल्या मनात मी पडदेसुद्धा लावून टाकले.

पण प्रत्येक घरात बाबांचं एक चाललं होतं. दार उघडलं की ते सरळ स्वयंपाकघरात जायचे, ओट्याशी उभे राहायचे आणि तळहात आडवा धरून बघायचे. मी तर्कशास्त्र शिकलेली बाई. अनुमान काढलं की म्हातारपणी टेकायला आधार शोधताहेत. टॉवरमधला ग्रॅनाइटचा ओटा बघून त्यांनी मान हलवली. बागबाजारचा दगडी ओटा तर भिंतीतच बांधलेला. तोडता येईल का, असं त्यांनी विचारल्यावर मालक म्हणाले, "तोडा की. पण खालच्या मजल्यावर माझा चुलतभाऊ राहतो. तो कोर्टातच जेवतो."

तिसरं घर गार्डन रीचच्याच बाजूला, एका गल्लीत. चार मजली इमारत अजून बांधून व्हायची आहे. तळमजला, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. बघण्यासारखं काही नाही. मिस्त्रीनं सहज विचारलं, "ओटा किती उंच ठेवू?" बाबांनी हवेत हात धरला. मला मांडीपर्यंत येईल इतका खाली.

"बाबा, एवढा बुटका? मला कमरेत वाकावं लागेल."

"तुझ्या आईला बरोबर येतो," ते म्हणाले. मग हात तसाच धरून, "यायचा असता."

मिस्त्रीनं भिंतीवर त्या उंचीला खूण केली.

परतताना टॅक्सीत ते आपणहून बोलायला लागले. "जन्मभर पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या तिनं. मी सांगितलं होतं ऑफिसात. साहेब म्हणाला, ओटा स्टँडर्ड आहे, तुमची बायको नाही." आणि मला तो पाडव्याचा दिवस दिसायला लागला. तुझ्या पायाखालचा पाट सरकला, तू खाली, आमटी तुझ्या मांडीवर. पदर झटकत तू म्हणते आहेस, "अहो, तुमच्या रेल्वेत मीच रुळावरून घसरले!" मी पोट धरून हसते आहे. बाबा हसत नाहीत. ते पाट उचलून भिंतीला टेकवतात आणि बघत राहतात. त्याच क्वार्टरमध्ये तू गेलीस. तोवर स्वतःचं म्हणावं असं एक दारही तुला मिळालं नव्हतं.

काल बागबाजारच्या मालकांना नकार कळवला. "आणखी थोडं थांबलो असतो," ते म्हणाले. मी म्हटलं, नको. संध्याकाळी बाबांना बरोबर घेऊन गल्लीतल्या घराचे पैसे भरून आले. ओटा त्यांच्या हाताच्या मापानंच होईल. पुस्तकांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हाही प्रश्नच आहे. तुझा पत्ता माहीत नाही आणि माझा अजून बांधून व्हायचाय. कुणी वाचणार नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी बाबा हवेत हात धरून उभे होते, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा. माझी उंची अशी कुणाच्याच तळहाताला ठाऊक नाही, आई.