गिधाडाची मान

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून या खेपेला कागदावरच). गुडघा काय म्हणतो? नवी कवळी तोंडात आहे की अजून डबीतच? ताई फोनवर सांगत होती, काकू गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. त्यावर मी बोलणारा कोण? हे पत्र तुमच्या गिधाडाबद्दल आहे.

आपल्या संग्रहालयात नव्या संचालकबाई आल्या आहेत. मनाने चांगल्या, पण त्यांना प्रत्येक वस्तूखाली पाटी लागते. (माझ्या टेबलावरही ‘देखभाल विभाग’ अशी पाटी आली आहे. विभागात मी एकटाच.) तुम्ही पेंढा भरलेल्या बेचाळीस पक्ष्यांपैकी एकेचाळीस जणांच्या पाट्या शाबूत निघाल्या. गिधाडाची तेवढी कसरीने खाल्ली. बाईंचा हुकूम असा, की हा पक्षी कोणता आणि राहतो कुठे हे सोमवारपर्यंत लिहून द्या, नाहीतर तो अडगळीत जाईल. ज्याच्यावर तुम्ही सबंध हिवाळा घालवलात ते गिधाड मोडक्या खुर्च्यांत पडणार, या विचाराने मला जेवण जाईना.

पुस्तक आणलं. त्यात अशी थोराड गिधाडं दोन. एक अंगाने फिकट, कड्याकपारीत दाटीवाटीने घरटी करणारं. दुसरं काळपट, झाडावर आपलं एकट्याचं घरटं बांधणारं. आपलं काळपट, म्हणजे प्रश्न मिटला. पण पुस्तक म्हणतं, काळ्याची मान उघडी असते आणि आपल्याची तर तांबूस पिसांनी गच्च भरलेली. (बाई म्हणाल्या, नवीनच जात असेल. क्षणभर मला त्या जातीला तुमचं नाव दिलेलंही दिसलं.) निदान पंख मोजावेत म्हणून टेप घेऊन स्टुलावर चढलो. स्टूल सरकलं. पडताना माणूस हाताला लागेल ते धरतो, तशी मी गिधाडाची मान धरली. मूठभर पिसं घेऊन खाली आलो आणि कंबर तेव्हाच गेली.

तज्ज्ञ म्हणून एक मुलगी आली होती, वयाने ताईच्या लेकीएवढी. पिसं तळहातावर घेऊन ती शांतपणे म्हणाली, “ही कोंबडीची आहेत.” आमचे काका असलं काही करणार नाहीत, असं मी तिला तावातावाने सुनावलं. तिने वाद घातला नाही. चिमट्याने उरलेली पिसं बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं. खाली निळसर करडी लोकर होती, दोन टाके सुलट, दोन उलट. काका, काकूचं ते विणकाम मी आंधळा झालो तरी ओळखेन. मुलगी मात्र पुस्तकातलं चित्र आणि लोकर आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, “रंग अगदी बरोबर निवडलाय. मानेची कातडी अशीच असते.”

कातडी खराब निघाली म्हणून मफलर गुंडाळलात, हे समजू शकतो. पण विणकाम झाकायला वर काकूच्याच कोंबड्यांची पिसं? तुमचं तुम्ही जाणा. पिसं काढली आहेत. काचेबाहेर तीन हातांवरून लोकर कातडीच वाटते. पाटीचा मजकूरही ठरला: ‘काळं गिधाड. डोंगराळ मुलखात व मोकळ्या माळावर राहतं. घरटं झाडावर.’ मफलरचं गुपित मला, त्या मुलीला आणि तुम्हाला माहीत. बाईंना नाही.

तुमचा पुतण्या

ता. क. मी जिथे धरलं तिथे मफलर उसवला आहे, आणि सोमवारी बाई भिंग घेऊन येणार. त्या रंगाची लोकर काकूच्या टोपलीत उरली असेल. टोपली तुम्ही अजून उघडलेली नाही, हेही ताईने सांगितलं आहे. ती उघडा. लोकर पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. टाके तुम्हीच घालायचे. मला सुईत दोरा ओवता येत नाही.

आणखी एक. काकूने माझ्यासाठी विणलेला मफलर त्याच लोकरीचा आहे. तो थोडा उसवला असता तरी भागलं असतं. अशी लोकर आणखी कुठे मिळेल का, असं मुलीने विचारलं तेव्हा मी तो हरवला म्हणून सांगितलं. आत्ता तो माझ्या गळ्यात आहे. रविवारी स्टेशनवर तोच घालून उभा राहीन, म्हणजे तुम्हाला ओळखायला सोपं जाईल.