फेट्याचा तुरा

पुणे, १९७६

मच्छूदादा,

नमस्कार मुद्दाम लिहीत न्हाई.

गोल्फ खेळून पोट मी भरते, कप मी जिंकला, आपल्या तीर्थपुरीत सत्कारही माझाच होता. पण बाईला फेटा बांधत न्हाईत म्हणून गावच्या पंचांनी तो तुला बांधला. अन् तू हसत बांधून घेतला! मला खण-नारळ देऊन आत चहा गाळायला बसवलं. लहानपणी काठीनं लिंबोळ्या उडवते म्हणून तूच मला बदडल्तं. आता "मीच शिकवलं" म्हणून सांगतोस?

हे पत्र टपालात टाकणार न्हाई, मीच घेऊन येऊन राह्यले. तोच फेटा घालून बांधावर उभा राहा. विहिरीपासून चेंडू मारून बराबर तुरा उडवते.

हललास तर जिम्मेदारी तुझी.

तुझी न शिकवलेली बहीण,
सगुणा