कमलाकर रोक्काविएरात आहेत

मी, मीनाक्षी कमलाकर देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. अंमलबजावणी माझी मुलगी आसावरी हिने करावी.

१. कॉव्हेंट्रीचे राहते घर व बँकेतील शिल्लक आसावरी आणि मुलगा सुयश यांना समान.

२. सिसिलीच्या डोंगरातील रोक्काविएरा गावचे दोन खोल्यांचे घर शेजारीण नुन्त्सियाता हिला द्यावे. निवृत्तीनंतर आमच्या यांनी ते हौसेने घेतले होते. गावातली तरुण माणसे जर्मनीला गेलेली, शाळा बंद. उरलेले म्हातारे चौकात खुर्च्या मांडून बसत; हळूहळू यांच्यासाठीही एक मांडू लागले. फेब्रुवारीत हे तिथेच गेले. बर्फाने घाटरस्ता बंद, दहनाची सोय बेटाच्या दुसऱ्या टोकाला. सुयशला लगेच फोन केला, पण त्याचे विमान निघेना. शेवटी नुन्त्सियाताने दफनभूमीतली आपल्या घराण्याची जागा दिली. यांना नेताना दुकानदारांनी मानाने दारे अर्धी ओढून घेतली. माझी चूल पेटली नाही. आठवडाभर शेजारच्या घरांतून जेवण आले. सुतकातली आपली रीत त्यांचीही आहे, हे मला तेव्हा कळले.

३. शशीवहिनी इथल्या मराठी मंडळात सर्वांसमक्ष म्हणाल्या, की मी नवऱ्याला परक्या मातीत टाकून आले. त्यांना माझी खवणीची विळी द्यावी. राग गेलेला नाही, पण नारळ त्यांच्यासारखा कोणी खवत नाही.

४. सुयश पोचला तेव्हा माती अजून ओली होती. दारातच म्हणाला, "आई, तू बाबाला मातीत ठेवला. माझ्यासाठी थांबला नाही. बाबा माझा पण होता." त्यानंतर तो ब्रॅकनेलहून दर रविवारी फोन करतो, औषधांची चौकशी करतो. त्या गावाचे नाव मात्र काढत नाही.

५. माझे दहन कॉव्हेंट्रीत, सुयशच्या हातून व्हावे. अस्थी त्यानेच रोक्काविएराला न्याव्यात. ही अट नव्हे; न गेल्यास त्याचा वाटा कमी होणार नाही. पण गेलास, तर बाळ, तिथे थोडा वेळ बस आणि बाबांशी मराठीत बोल. तुझे मराठी मोडके आहे, चालेल. त्या गावात त्यांच्याशी मराठीत बोलणारी मी एकटीच होते.

स्वाक्षरी: मीनाक्षी कमलाकर देवस्थळी

आम्हा दोघांदेखत मीनाक्षीताईंनी सही केली, मग आम्ही केली:
१. उदय गडकर, शेजारी
२. अर्चना फणसे, मैत्रीण

कॉव्हेंट्री, १४ ऑक्टोबर २०२४