परतीला वांगं नको

मी, आगात्सुमा तोमिए, वय त्र्याहत्तर, धंदा न्हाव्याचा, राहणार यामागाता प्रांतात, मोगामी नदीच्या पुलाअलीकडच्या लाल-निळ्या खांबाच्या दुकानात, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहवून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांना जे सापडलं ते पोटात आहे, वर चढलेलं नाही, असा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मला दाबू शकेल अशी एकच बाई या घरात होती, ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा विषय पुढे येईलच.

नोटरीसाहेब म्हणाले, "तोमिएबाई, आधी मालमत्ता, मग मन. मनातलं लिहायला शेवटी वेगळी जागा असते."

मी म्हटलं, "साहेब, तुमची दाढी करताना मी गाल आज आणि हनुवटी उद्या असं करते का?" त्यांनी लेखणी उचलली. म्हणून जसं येईल तसं सांगते आहे.

कलम पहिलं. दुकान, त्यावरची राहती जागा आणि मागची परसबाग माझी मुलगी मिसातो हिला द्यावी. ती सेंदाईला दातांच्या कवळ्या करते, चांगलं कमावते. तिच्यावर अट काही नाही. धाकटे भाऊजी दर नवीन वर्षाला साके पिऊन म्हणतात, "वहिनी, हे पाडून गाड्या उभ्या करायला जागा केली तर?" भाऊजींना माझ्याकडून साकेची बाटली द्यावी आणि जागा दाखवू नये. मिसातोने घर विकलं तरी माझी हरकत नाही, फक्त पुढच्या बोनपर्यंत, म्हणजे ऑगस्टात पितर घरी येतात त्या सणापर्यंत, थांबावं, आणि तोवर गिऱ्हाइकांचा हिरवा बाक जागचा हलवू नये. का ते चौथ्या कलमात आहे.

कलम दुसरं. बँकेत आहे त्यातून माझे दिवस करावेत, उरेल ते मिसातोचं. देवळातले महाराज मेलेल्या माणसाला लांबलचक नाव देतात आणि जितकं लांब तितकी दक्षिणा घेतात. मला आखूड नाव चालेल. आयुष्यभर सगळ्यांनी "अहो न्हावीणबाई" म्हटलं, तेवढ्यावर भागलं.

कलम तिसरं. कात्र्या नव्या शिकणाऱ्या कोणालाही द्याव्यात. वस्तऱ्याला धार लावायचा दगड मात्र समोरच्या दुकानातल्या निइझेकीला द्यावा. त्याने माझी अर्धी गिऱ्हाइकं पळवली, पण ती सगळी गाल कापून घेऊन परत आली, कारण त्याला धार लावता येत नाही. हे ऐकून तो स्वतःच धावत आला. "तोमिएबाई, मला साक्षीदार करा, शेजारधर्म म्हणून!" मी सांगितलं, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, कायदा आहे. दगड की सही, एक निवड. त्याने जरासुद्धा विचार न करता दगड निवडला. माणूस वाईट नाही, वस्तरा बोथट आहे.

कलम चौथं. आता बाक.

माझ्या मुलाचं नाव ताकुमा. मिसातोहून तीन वर्षांनी लहान. त्या काळी गावातली सगळी पोरं हातात मावणाऱ्या यंत्रावर राक्षसांच्या झुंजीचा खेळ खेळायची. खेळात रानावनांतून जनावरं पकडायची, त्यातली सहा निवडून आपला संघ करायचा, आणि दोन यंत्रं तारेने जोडून एकमेकांशी लढायचं. केस कापायला आलेली पोरं माझ्या बाकावर बसून लढायची. कोणाचा नंबर आला तरी उठायची नाहीत. मी ओरडायचे, "केस कापायचे की मान?" तेव्हा कुठे एखादा उठायचा.

ताकुमाचे पाच ठरलेले होते. भांडण असायचं सहाव्यावर. त्याच्याकडे नोरोमारू नावाचा चिखलाने माखलेला एक बैल होता. दिसायला बरा, पण इतका मंद की समोरच्याने दोन तडाखे दिले की मग याचं शिंग हलायचं. आणि मिसातोने राइबा पकडला होता, विजेच्या आयाळीचा घोडा. अख्ख्या गावात तसा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. तो तिने तार जोडून भावाला देऊन टाकला. तरी हा बाबा राइबाला खेळातल्या साठवणीच्या पेटीत ठेवायचा आणि संघात नोरोमारूच न्यायचा.

"अरे गाढवा, दमदार आहे तो घे ना!" मिसातो डोकं धरून म्हणायची.

"तो माझं ऐकत नाही ताई. झुंजीत मध्येच पाठ फिरवून उभा राहतो. बघ ना, त्याच्यावर तुझं नाव आहे."

खरंच होतं. त्या खेळात जनावर ज्याने पकडलं, तो त्याचा पालक. जनावर दुसऱ्याला दिलं तरी पालकाचं नाव पुसत नाही. राइबाच्या चित्राखाली लिहिलेलं होतं, पालक: मिसातो. मी म्हटलं, म्हणजे मी घोड्याची आजी की काय? दोघं हसून हसून बाकावरून खाली पडली. त्यांचं तसं हसणं मला अजून ऐकू येतं. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही.

शहरातल्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर स्पर्धा झाली, ताकुमा शेवटच्या फेरीत नोरोमारूमुळे हरला. मिसातो बसमध्ये सगळ्या वाटेने त्याला टोचत आली. त्या हिवाळ्यात त्याच्या रक्तात बिघाड निघाला. वसंतात चेरी फुलली तेव्हा तो इस्पितळात होता आणि पाकळ्या पडून संपल्या तेव्हा नव्हता.

मग ऑगस्टात त्याचा पहिला बोन आला. तेराला पितर यायचे, सोळाला परत जायचे. सासूबाईंनी मिसातोला काम सांगितलं, पितरांना बसायला काकडीला नि वांग्याला काड्यांचे पाय लावून दोन जनावरं कर. पोरीने केली. सगळे नातेवाईक देवघरासमोर बसलेले, आणि तबकात पाहावं तर दोन्ही काकड्या. दोन घोडे. वांगं नाहीच.

सासूबाई कडाडल्या, "येताना घोडा, म्हणजे लवकर यावं. जाताना वांग्याची गाय, म्हणजे रेंगाळत जावं. दूध पितं पोरही जाणतं हे! भावाला घोड्यावर बसवून हाकलतेस? इतकी घाई झाली तुला?"

भाजीवाल्या कुदो हिसाए तिथेच बसल्या होत्या. त्या मध्ये पडल्या, "अहो, रागावू नका लेकराला. माझ्याच दुकानात वांगी संपली होती." पण सासूबाईंच्या कानावर ते गेलं नाही. आणि मिसातोने तोंडातून अक्षर काढलं नाही. ना रडली, ना पळाली. नुसती तबकाकडे बघत उभी राहिली. ती हाय तिने खाल्ली ती खाल्लीच. शाळा संपली तशी सेंदाईला गेली, आणि त्यानंतर एकाही बोनला घरी आली नाही. नवीन वर्षाला येते, दुकानातल्या आरशाकडे पाठ करून जेवते आणि संध्याकाळची गाडी धरते.

आरशाचं कारण तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आता इतरांनाही कळू दे. दुसऱ्या बोनपासून मी परतीचं जनावर ठेवलंच नाही. ना गाय, ना घोडा. तेराला काकडीचा घोडा ठेवते, पोर येतं. आणि वांगं बारीक चिरून, दुसऱ्या काकडीबरोबर कालवून, आमच्याकडे उन्हाळ्यात करतात तसं गार भातावर घालून खाऊन टाकते. कोणी याला पाप म्हणेल. म्हणो. माझं पोर आहे, मी ठेवून घेतलं.

तो बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसतो. नुसतं वळून पाहिलं तर काही नसतं. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून आरशात पाहिलं की त्या टोकाची हिरवी गादी एका लहान माणसाएवढी दबलेली दिसते. नवीन पोरं बाकावर बसायला येतात, तीसुद्धा न सांगता जरा अलीकडे सरकून बसतात. उन्हाळी दुपारी पंखा बंद केला की बटणांचा आवाज येतो, टक, टकटक, टक. त्याचं यंत्र तर फण्यांच्या कपाटात, कुलपात असतं. पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली होती. मग सवय झाली. मग तो आवाज आला नाही की जीव वरखाली व्हायला लागला.

दर बोनला मी ते यंत्र एकदा सुरू करते. जाणकार सांगतात, त्या खेळाच्या कॅसेटच्या पोटातला चपटा सेल केव्हाच मेला असणार आणि खेळ पुसला गेला असणार. पुसलेला नाही. सहाजण जसेच्या तसे उभे असतात, सहावा नोरोमारू. राइबा पेटीत. मी कशालाही हात लावत नाही, बघते आणि बंद करते.

पण माझं पोर खूश नाही. आईला कळतं. बटणांचा आवाज हल्ली एकाच जागी अडकतो, एखादी गोष्ट निवडायची आहे आणि निवडता येत नाही तसा. चाळीशीच्या घरातला मुलगा अजून बाकावर बसून नंबराची वाट बघतो आहे, आणि त्याचा नंबर मी येऊ देत नाही. हे मला टोचतं. आता मी गेले तर दुकान बंद, आरसा काढणार, बाक कोणीतरी नेणार. मग तो कुठे जाईल? मला मरणाची भीती नाही. एवढ्या एका गोष्टीने मला झोप नाही.

कलम पाचवं. गेल्या हिवाळ्यात एन्दो शोगो दाढीला आला. तो आता बस चालवतो, लहानपणी याच बाकावर ताकुमाकडून मार खायचा. तोंडाला फेस लावलेला, आणि आरशात त्या टोकाकडे बघत एकदम म्हणाला, "काकू, राइबाला शेवटी संघात घेतलं का हो त्याने?"

मी म्हटलं, "तो कसला घेतोय!"

"पण घेणार होता. मी इस्पितळात भेटायला गेलो होतो ना, तेव्हा मिसातोताईला म्हणाला, पुढच्या वेळी राइबाच घेतो, तू जिंकलीस. फक्त लगाम तू धर, तो माझं ऐकत नाही. ताईने करंगळीला करंगळी अडकवून वचन दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माझा वस्तरा हवेतच राहिला. तेव्हा मला कळलं त्या दोन काकड्यांचं. पोरीने भावाला हाकललं नव्हतं. पुढच्या वेळी राइबा घेईन म्हणाला होता, तर तिने परतीला राइबा दिला. दिलेला शब्द पाळला होता, आणि त्यासाठी तिला सगळ्यांसमोर भावाची वैरीण ठरवलं गेलं.

मी तेव्हाच फोन लावला. म्हटलं, "मिसातो, तो दुसरा घोडा राइबा होता ना गं?"

ती म्हणाली, "आई, नको." आणि फोन ठेवला. परत लावला, परत तेच. माझी मुलगी आहे, हट्ट कुठून आला ते विचारायला नको. पण मृत्युपत्र वाचताना मध्येच ठेवता येत नाही, शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, असं नोटरीसाहेब म्हणतात. म्हणून हा खटाटोप. ऐकते आहेस ना मिसातो? तुझं काही चुकलं नव्हतं. घरात एकटी तूच बरोबर होतीस.

कलम सहावं. सासूबाईंचा काळा रेशमी किमोनो देवळात द्यावा. त्यांच्यावरचा माझा राग ही माझी स्वतःची कमाई आहे. तो मी कोणालाही वारसाने देत नाही. तो माझ्याबरोबर जाळावा. मिसातोने त्यातला तसूभरही ठेवून घेऊ नये.

कलम सातवं आणि शेवटचं. ही अट नाही. अट कायद्यात बसत नाही म्हणतात, आणि लेकीला अट घालणारी मी कोण. ही विनवणी आहे.

पुढच्या ऑगस्टात माझा पहिला बोन असेल. मिसातो, तू ये. तेराला यंत्र सुरू कर. नोरोमारूला उचलून पेटीत ठेव, बिचारा खूप उभा राहिला, त्याला विश्रांती दे. सहाव्या जागी राइबाला घे. मला ते करवलं नाही, आणि करून उपयोगही नव्हता, पालक तू आहेस. मग काकडीचा एक घोडा कर, त्यावर मी येईन. मी येणार ती पाहुणी म्हणून नाही, त्याला न्यायला.

आणि सोळाला परतीचं जनावरही तूच निवड. लोक बसलेले असतील, बोलतील. बोलू देत. दोन माणसं बसणार आहेत, एक म्हातारी आणि एक मुलगा, मंद जनावराचं ते काम नाही. रेंगाळणं आमचं भरपूर झालं. आणि तुझ्या हातचा असेल तर तो मध्येच पाठ फिरवून उभा राहणार नाही. तबक दारात ठेवशील तेव्हा एकदा दुकानात जाऊन आरशात बघ. गादी वर आलेली असेल. मग खुशाल रड, मग दुकान वीक.

वरील सगळं मी स्वतः सांगितलं, मला वाचून दाखवलं गेलं, दोन ठिकाणी मीच रडले म्हणून वाचन थांबवावं लागलं, ते पुन्हा सुरू करून पुरं झालं. मजकूर बरोबर आहे.

रेइवा सहावे वर्ष (सन २०२४), नोव्हेंबरची सतरा तारीख, दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून.

आगात्सुमा तोमिए (सही व शिक्का)

साक्षीदार पहिला: एन्दो शोगो, बसचालक. तोमिएकाकूंनी सांगितलेलं माझ्याबद्दलचं सगळं खरं आहे, मार खायचो हे सोडून. (सही व शिक्का)

साक्षीदार दुसरी: कुदो हिसाए, भाजीविक्रेती. नोटरीसाहेब नको म्हणत असतानाही एक ओळ लिहिते. त्या वर्षी माझ्या दुकानात वांगी भरपूर होती, मी खोटं बोलले. पुढच्या बोनला एकही ठेवणार नाही. (सही व शिक्का)