तिसरा नकार

३ मार्च

ती. आत्यास टकळीचा सा. न. वि. वि.

दिवसभर अनोळखी लोकांना फोन करून कान इतके विटलेत, की तुला पत्रच लिहितेय. विकायचं काय, तर पाय चेपायचं यंत्र! नंबर संगणकच लावतो, आम्हाला दिसतही नाही. लोक वस्सकन अंगावर येतात. महिनाअखेरपर्यंत एकही खपलं नाही तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलंय. घरी कुठे बसू? अण्णांनी तर दोन वर्षं लेकीचं नाव टाकलंय. तू तीस वर्षं दारोदार माल विकलास. काहीतरी शिकव गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

टकळी

७ मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

रडूबाई, ऐक. वेळ आहे का, असं विचारायचंच नाही. तो कुणालाच नसतो. पहिला नकार सवयीचा, दुसरा कंटाळ्याचा, खरा फक्त तिसरा. तोवर फोन ठेवू नकोस. घरात काय कमी आहे ते शोधून तिथेच बोट ठेव. किंमत सांगितलीस की गप्प. मग आधी बोलेल तो हरला. बापाचा हट्ट तुझ्यात उतरलाय, तो इथे तरी वापर.

तुझी आत्या

१९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खपलं! एका घोगऱ्या आवाजाच्या म्हाताऱ्यांनी घेतलं. नाव विचारलं तर नावाचं काय करायचंय म्हणाले. दोनदा नको म्हणाले, पण मी चिकटून. घरात पाय चेपायला कुणी आहे का, असं विचारलं. होती, म्हणाले. मग किंमत सांगितली आणि जिभेला कुलूप! नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी तेच हरले. पाठवून द्या म्हणाले. पत्ता पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी घेतला. नोकरी वाचली, आणि साहेबांनी त्या फोनची टेप सगळ्यांना ऐकवली!

तुझीच,
टकळी

२४ मार्च

टकळे,

काल भावाकडे गेले होते. तुझं यंत्र तिथे कोपऱ्यात पडलंय, खोकंही फोडलेलं नाही. घशाच्या ऑपरेशनपासून त्याचा आवाज बदललाय. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने, ती मी मूर्खासारखी पाळली. तुझी नोकरी टांगणीला लागल्याचं मात्र त्याला बोलून बसले होते. त्याने तुला पहिल्या हॅलोलाच ओळखलं. किंमत सांगून तू गप्प झालीस, तेव्हा त्याला वाटलं, आता पोर अण्णा म्हणेल. म्हणून तो थांबला होता. ऐकायचं कसं, ते शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं. जीव जळतोय माझा.

आत्या

२८ मार्च

ती. आत्यास सा. न.

आज घरचा नंबर स्वतःच्या बोटांनी लावला. त्यांनीच उचलला. या वेळी आधी मी बोलले, अण्णा म्हटलं. पुन्हा नुसता श्वास. मग आम्हाला काही नको म्हणाले आणि फोन ठेवला. साहेब ती टेप अजून नव्या मुलींना ऐकवतात, तेव्हा मी उठून बाहेर जाते.

हा पहिलाच ना गं, आत्या? सवयीचा? उद्या पुन्हा लावते.

रागाव, पण पत्र पाठव.

टकळी